खणाच्या कव्हरातली पुस्तकं

वेळापूरला एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडची पुस्तकं आणायला जायचंय, असं आमच्या ग्रंथपाल सरांनी सांगितलं तेव्हा टेम्पोत पुढे बसायला मिळणार एवढ्यावरच मी खूश होते. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका सार्वजनिक वाचनालयात मी नुकतीच लागले होते. त्याआधी कापडाच्या दुकानात बिलं करायची. वाचनालयातली जागा तात्पुरती होती, पण सर म्हणाले होते, ग्रंथालयशास्त्राचं प्रमाणपत्र मिळव, मग बघू. त्यामुळे सकाळी वर्ग आणि दुपारनंतर वाचनालय असं माझं चाललेलं होतं.

बाईंचं घर रस्त्याला लागूनच होतं. पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन, त्याच्या बाजूला भिंतभर लाकडी मांडणी आणि मांडणीवर पुस्तकं. पण एकाही पुस्तकाचं नाव दिसत नव्हतं. प्रत्येकाला कापडाचं कव्हर होतं, कडेनं हातानं टाके घातलेलं. कुठे हिरवा खण, कुठे बारीक फुलांचं सुती, कुठे जरीची कड. दारातून बघितलं तर ब्लाउजपिसांचं दुकान वाटावं.

गावात त्यांना सगळे मावशी म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. सत्तरीला आलेल्या, अंगानं बारीक, बोलणं मात्र हुकमी. डोळ्यांना सुईचं नाकं दिसेनासं झालं म्हणून त्या मशीन विकून सोलापुरात लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. लेकीच्या फ्लॅटमध्ये मांडणी मावणार नव्हती. पुस्तकं रद्दीत घालायला त्या तयार नव्हत्या, म्हणून जावयानं आमच्या वाचनालयाला फोन केला होता.

चहा होईपर्यंत त्यांनी मला मांडणी समजावून दिली. माळशिरसला दोरे-बटणं आणायला गेल्या की एखादं पुस्तक आणायच्या. काही पुस्तकं बायकांनीच आणून दिली होती. नवं पुस्तक आलं की त्या दिवशी मशिनीवर जिचं ब्लाउज असेल तिच्या कापडातून उरलेला तुकडा त्याला लावायचा.

"आनि जिचं कापड, तिनं ते पयलं वाचायचं," मावशी म्हणाल्या. "मग बाकीच्यांनी. त्यात भांडान न्हाय."

"आणि तिला वाचता येत नसेल तर?"

"तर मी वाचून दावायची की. काजं करता करता."

पुस्तक नावानं कुणी मागतच नसे. धाकट्या जावेचं जांभळं द्या, मास्तरणीचं पट्ट्यापट्ट्याचं द्या, असं मागायच्या. खालच्या फळीवर नेहमी जाणारी पुस्तकं होती. सगळ्यात वरची फळी दाखवून मावशी म्हणाल्या, "ही रडायची हायती. ज्या मागत्याल त्यास्नीच द्यायची. उगं कुणालाबी न्हाय."

मी हसले. मला ते गमतीचं वाटलं.

टेम्पो भरून झाला तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "तितंबी असंच लावा की. फळी फळीनं बांधल्यात, चुकायचं न्हाय."

"हो मावशी, तसंच लावू," मी म्हणाले. सर दोरी आवळत होते. मी हे बोलले ते निघायच्या घाईत, पाहुण्यांना पुन्हा येऊ म्हणतो तसं. तसं लावण्याचा विचारसुद्धा माझ्या मनात नव्हता.

त्या दिवसांत वर्गात आम्हाला वर्गीकरण शिकवत होते. जगातल्या कुठल्याही विषयाला एक अंक असतो, त्या अंकावर पुस्तक ठेवलं की ते हव्या त्या माणसाला सापडतं, हे मला फार आवडलं होतं. दुकानात कापडाचे गठ्ठे मालकाच्या मर्जीनं इकडून तिकडे फिरायचे, इथे कुणाच्या मर्जीचा प्रश्नच नव्हता. सरांनी मला विचारलं, "प्रात्यक्षिक परीक्षेसाठी एक संग्रह पूर्ण करून दाखवावा लागतो. वेळापूरचा करतेस?" मी उडीच मारली.

पहिल्याच दिवशी अडचण आली. पुस्तकाच्या कण्यावर, म्हणजे पाठीवर, अंकाचं लेबल लावायचं असतं, ते कापडावर चिकटेना. शिक्का मारला की शाई पसरायची. शिवाय नाव बघायला प्रत्येक पुस्तक उघडावं लागे. मी सरांना म्हटलं, कव्हरं काढू का? सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आत कसर लागलीय का?"

कसर मला मोजक्याच पुस्तकांत दिसली होती. बाकीची अगदी स्वच्छ होती, उलट कापडामुळे पुठ्ठे नव्यासारखे राहिले होते. पण मी म्हणाले, "हो सर, बऱ्याच ठिकाणी आहे."

"मग काढ," सर म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

मी ब्लेडनं टाके उसवले. टाके इतके बारीक आणि घट्ट होते की माझ्या बोटांना ब्लेड लागलं, तेव्हा मी मावशींवर जरा वैतागलेसुद्धा. कव्हरं पोत्यात भरली. पुस्तकं विषयवार लावली: कथा-कादंबऱ्या एकीकडे, पाककृती एकीकडे, आरोग्य, चरित्रं, प्रवास आपापल्या अंकांवर. वाचनालयाच्या इतर पुस्तकांत ती मिसळून गेली. ज्यांच्या प्रती आमच्याकडे आधीच होत्या ती नियमाप्रमाणे काढून एका शाळेला दिली. संगणकावर प्रत्येकाची नोंद केली. लेखक, शीर्षक, प्रकाशक, पानं, विषय. सरांनी नोंदी तपासल्या आणि म्हणाले, "हात स्वच्छ आहे तुझा." घरी जाताना मी आईला पेरू घेऊन गेले.

पोत्यातल्या कव्हरांचं काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. सुती कापड मऊ असतं, म्हणून मी ती धुतली, चौकोनी कापली आणि वाचनालयात झटकायला-पुसायला वापरायला काढली. सगळ्यांनी माझ्या काटकसरीचं कौतुक केलं.

मावशी आल्या त्या दिवशी दुपारी वाचनालयात फारशी माणसं नव्हती. मी स्टुलावर उभी राहून कपाटाच्या वरच्या फळ्या पुसत होते. खालून आवाज आला, "पोरी, वळाकलंस का?"

त्या एकट्याच सिटी बसनं आल्या होत्या. नऊवारी नीट चोपून नेसलेली, हातात कापडी पिशवी. मी खाली उतरले, त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"माजी मांडणी कुटं हाय?"

"मावशी, आता ती सगळीकडे आहेत," मी म्हणाले. मला वाटलं, समजावून सांगितलं की त्यांना आवडेल. मी त्यांना अंक दाखवले, एका कपाटातून त्यांचं एक पुस्तक काढून हातात दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं. आत पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरातली जुनी खूण होती, म्हणून त्यांना ते आपलं असल्याचं कळलं.

"उगडं का क्येलं?" त्यांनी विचारलं.

मी लेबल, शिक्का, कसर असं काहीतरी सांगू लागले. बोलता बोलता त्यांची नजर माझ्या डाव्या हाताकडे गेली. हातात फडकं होतं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, झटकलं, खिडकीच्या उजेडात धरलं. जांभळं कापड होतं, धुळीनं काळवंडलेलं.

"ह्यानं पुसतीस व्हय?"

त्यांनी फडक्याची घडी घातली, एकदा, दोनदा, आणि टेबलावर ठेवली. मग पाणी मागितलं. मी पाणी आणलं, त्या प्यायल्या आणि "येते" म्हणून निघाल्या. रागावल्या असत्या तर मी माफी मागितली असती. त्यांनी तेवढीसुद्धा संधी दिली नाही. मी जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेले आणि तिथेच थांबले.

रात्री जेवताना भाकरी चघळत बसले होते. आम्ही घरात कानडी बोलतो. आई म्हणाली, "याक, ऊटा ब्याड?" जेवण नको का, यापलीकडे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ज्या गोष्टीचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं ती चूक होती, हे आईला कसं सांगायचं ते मला समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांपुढे जाऊन उभी राहिले. "सर, कसर सगळ्या पुस्तकांना नव्हती. काम लवकर व्हावं म्हणून मी तसं सांगितलं."

सरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी एक पुस्तक उघडून बघायला हवं होतं. तुला विचारून मोकळा झालो." त्यांनी मला बसायला सांगितलं आणि वर्गात अजून न आलेला धडा शिकवला. दुकानातून आणलेलं पुस्तक विषयाच्या जागी गेलं तर काही बिघडत नाही. पण एका माणसाकडून एकत्र आलेल्या वस्तू त्यानं ज्या क्रमानं ठेवलेल्या असतात, तो क्रमही जपायचा असतो. जपता येत नसेल तर मोडण्याआधी लिहून ठेवायचा, फोटो काढायचे, विचारायचं. अभिलेखागारात, म्हणजे जुने दस्तऐवज जपतात तिथे, तर कागदाची चवडसुद्धा नोंद केल्याशिवाय हलवत नाहीत.

"मलाही त्या घरात तो क्रम दिसला होता," सर म्हणाले. "पण मी पुस्तकं किती आणि टेम्पोत मावतील का, एवढंच बघत होतो."

त्यांनी स्वतःकडे अर्धा दोष घेतला, तरी माझा काही हलका झाला नाही. खोटं मी बोलले होते.

मी सगळी फडकी गोळा केली. काही सापडली, काही शिपायानं सायकल पुसून टाकून दिली होती. जी मिळाली ती पुन्हा धुतली, इस्त्री केली आणि रविवारी मावशींच्या लेकीच्या घरी गेले. लेकीनं दार उघडलं, चहा टाकला. पिशवीतून मी काय आणलंय ते बघून ती हसली. "अहो, त्या चिंध्या कशाला परत आणल्या? आईचं काय, तिला सगळंच ठेवायचं असतं."

मावशी आतून आल्या. मी घड्या पुढे केल्या. आणि ज्या रागाची मी त्या दिवशी वाट बघत होते तो तेव्हा आला.

"विस्त्री करून आनल्यास? आता काय करू ह्यांचं? कापून चौकोन क्येलास, ह्याचं कवर हुतंय का परत? तू म्हनलीवतीस, तसंच लावू. मी जबरदस्ती नव्हती क्येली, तू म्हनलीवतीस."

"हो मावशी. मी म्हणाले होते."

"मग?"

"मी लक्ष न देता म्हणाले होते."

लेक चहाचे कप घेऊन मध्येच थांबली. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "च्या घे. गार हुईल." मी चहा घेतला. कप रिकामा करून मी विचारलं, प्रत्येक पुस्तकाला कुठलं कापड होतं, ते कुणी आधी वाचलं, कुठल्या फळीवर होतं, हे तुम्ही सांगाल का? संगणकातल्या नोंदीत मी ते लिहीन. पुस्तकं वेगवेगळ्या कपाटात राहतील, पण नोंदीत तुमची मांडणी एकत्र सापडेल. त्यांनी हो म्हटलं नाही. पण पुढच्या आठवड्यात त्या आल्या.

मग त्या अधूनमधून दुपारच्या येऊ लागल्या. मी त्यांची पुस्तकं कपाटांतून वेचून टेबलावर आणायची, त्या एकेक हातात घ्यायच्या. काहींचं कापड झटकन आठवायचं, मग त्या बाईचं लग्न, तिची सासू, तिचं शिवणाचं माप सगळंच यायचं. काहींना त्या नुसतं कुरवाळायच्या आणि म्हणायच्या, "न्हाय बाई. कवर असतं तर वळाकलं असतं." असं म्हटलं की मी टायपिंग थांबवून दुसरीकडे बघायची. एकदा एकाच पुस्तकाला त्यांनी दोन दिवशी दोन वेगळी कापडं सांगितली. मी ते दाखवलं तर म्हणाल्या, "मग दोनी ल्ही." मी दोन्ही लिहिली.

एका निळ्या फुलांच्या कापडाच्या पुस्तकापाशी मी विचारलं, "हे पहिलं कुणी वाचलं? नाव सांगा."

"नाव नको."

"का?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. कोपऱ्यात एक आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. मावशी आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिच्या घरात पुस्तक चालत नव्हतं. कादंबरी म्हनलं की सासरा फेकून द्यायचा. कापडात बांदलं की पोथी वाटती. ती म्हनायची, पोथी वाचती. लई जनी अशाच वाचायच्या."

मी की-बोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. इतके दिवस मला वाटत होतं, मी शोभेची वस्तू काढून टाकली. कापडाचं खरं काम मला ठाऊकच नव्हतं. आणि आता, चूक सुधारायच्या उत्साहात, मी त्या बायकांची नावं कुणालाही बघता येईल अशा नोंदीत घालायला निघाले होते. पहिल्यांदा अंकांचा उत्साह होता, या वेळी माफीचा. दोन्ही वेळा मी विचारण्याआधीच निम्मं काम उरकलं होतं. आधीच्या नोंदींत काही नावं मी लिहून टाकली होती. ती तिथेच त्यांच्यासमोर पुसली.

"आता त्या बायका कुठे असतात?" मी विचारलं.

"हायत की. काही ग्येल्या. जी निळ्या फुलाची, तिची सून आता मास्तरीन हाय." मावशी हसल्या. "पर सासरा अजून हाय."

त्यानंतर आम्ही ठरवलं, कापड लिहायचं, फळी लिहायची, पण नाव कुणाचंच नाही. काही ठिकाणी मावशी फळीसुद्धा सांगायच्या नाहीत. वरच्या फळीतलं पुस्तक कुणी मागितलं होतं, ते कापडावरून गावात कळेल म्हणून. अभ्यासक्रमात वर्णन पूर्ण असावं असं लिहिलेलं होतं. सर म्हणाले, "रिकामी जागा रिकामी ठेव. तिथे 'दात्याच्या इच्छेनुसार' असं लिही."

मधल्या काळात माझा निकाल लागला. प्रात्यक्षिकात मला चांगले गुण मिळाले होते, ते वेळापूरच्या संग्रहाच्या वर्गीकरणाला. परीक्षकांनी कण्यांवरची लेबलं एका रेषेत असल्याबद्दल शाबासकी दिली होती. मी सरांना म्हटलं, हे गुण मला नकोत. सर म्हणाले, "परत करायची सोय नाही. ते घे आणि नीट काम कर."

मावशींना मी सांगणार नव्हते, पण त्यांना सरांकडून कळलं.

"पास झालीस म्हनं. मंग पेढे कुटं हायती?"

मी खाली जाऊन पेढे आणले. त्यांनी एक तोंडात टाकला, एक सरांसाठी काढून ठेवला आणि एक माझ्या हातावर ठेवला. "खा की. माज्याच पुस्तकांवर पास झालीस." त्यांच्या बोलण्यात टोमणा होता की कौतुक, मला आजही सांगता येणार नाही. मी पेढा खाल्ला. तो गोड लागला, याचंही मला वाईट वाटलं.

मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांना पुन्हा वाचता येऊ लागलं, तेव्हा त्यांनी आपल्याच पुस्तकांपैकी दोन घरी न्यायला मागितली. आमच्या नियमाप्रमाणे सभासदाला रहिवासाचा पुरावा लागतो, आणि कागदोपत्री त्यांचा पत्ता अजून वेळापूरचाच होता. मी ती माझ्या कार्डावर काढून दिली. अजूनही देते. फळीवरची सगळी पुस्तकं काही त्यांना पुन्हा मिळणार नाहीत. शाळेला दिलेल्या प्रती मी शोधायला गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, त्या मुलांच्या हाती फाटून गेल्या. साधारण अर्ध्या नोंदींतच कापड लिहिलेलं आहे. बाकीच्यांत मी आधी लिहिलं होतं तेवढंच आहे: लेखक, शीर्षक, पानं.

मागच्या महिन्यात शहराच्या पूर्व भागातल्या एका विणकर कुटुंबानं आजोबांची तेलुगू पुस्तकं आणि कागद देऊ केले. सरांनी मला पाठवलं. मला तेलुगू येत नाही. त्यांच्या सूनबाईंनी कपाट उघडलं आणि म्हणाल्या, "घेऊन जा ना, गाडी खाली आहे ना?"

मी म्हणाले, "आज नाही नेणार. आजोबा हे कसं ठेवायचे, ते आधी सांगाल का?"

त्यांना उशीर होत होता, मुलीच्या शाळेची वेळ झाली होती. तरी त्या दारातच बसल्या आणि आठवून आठवून सांगू लागल्या. मी लिहीत राहिले, आणि मधेच थांबून विचारलं, "यातलं काही लिहू नये असं आहे का?"

उठून त्यांनी आतलं दार ओढून घेतलं आणि परत येऊन माझ्याजवळ बसल्या.